ड्रायर हवा कुठून घेतो? बारा ड्रमच्या एका लॉन्ड्रीचं प्रकरण

लॉन्ड्रीतले ड्रायर नीट वाळवत नाहीत म्हटलं की सगळ्यांची नजर आधी हवा बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीकडे, म्हणजे डक्टकडे जाते. लिंट (कपड्यांतून निघणारा तंतूंचा भुगा) अडकलंय का, वळणं जास्त आहेत का, फॅन कमी पडतोय का. हे बघायलाच हवं, पण ड्रायर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच त्याला आत मिळायला हवी, ती नक्की कुठून येतेय हे मात्र फार कमी लोक तपासतात. खालच्या प्रकरणात नेमकं तेच राहून गेलं होतं. सविस्तर लिहितोय कारण कपडे उशिरा वाळणं हा इथला छोटा त्रास होता, खरा धोका तिथे काम करणाऱ्या माणसांना होता.

जागा अशी: तळमजल्यावरचा एक हॉल, साधारण १५० चौरस मीटर, उंची ३.२ मीटर, म्हणजे आतली हवा धरा ४८० घनमीटर. एका बाजूला वॉशर, समोर गॅसवरचे ड्रायर, एकावर एक दोन ड्रमचे सहा स्टॅक, असे एकूण बारा ड्रम. प्रत्येक ड्रमचा बर्नर ताशी ७५,००० बीटीयूचा (अंदाजे २२ किलोवॅट) आणि प्रत्येक ड्रमचा फॅन सुमारे ६०० सीएफएम (म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट) हवा बाहेर टाकतो. ड्रायरच्या मागे एक माणूस जाईल एवढी सर्व्हिसची गल्ली, ती वरून आणि एका बाजूने हॉलला उघडीच, आणि त्याच गल्लीच्या कोपऱ्यात साध्या उभ्या चिमणीवर चालणारा गॅसचा मोठा वॉटर हीटर. हॉलला एसी. मागच्या भिंतीला १.२ बाय ०.८ मीटरचा एक लूव्हर, म्हणजे हवा आत येण्यासाठी तिरक्या पट्ट्यांचं तोंड, त्याला आतून डासांची बारीक जाळी, आणि सगळ्या ड्रायरचं एक्झॉस्ट बाहेर जिथे निघतं ते तोंड बरोबर या लूव्हरच्या डोक्यावर.

काही काळापूर्वी हॉलचं नूतनीकरण झालं होतं. जुनी दारं-खिडक्या काढून रबराच्या सीलवाल्या घट्ट बसणाऱ्या लावल्या, एसीची गार हवा वाया जाऊ नये म्हणून. विचार चुकीचा नव्हता, पण जुन्या फटींमधून ड्रायरना गुपचूप जी हवा मिळत होती ती त्या दिवसापासून बंद झाली आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या फटी हवेची सोय म्हणून कुणी कधी मोजल्याच नव्हत्या.

तक्रारी सुरू झाल्या त्या गर्दीच्या वेळच्या. सकाळी तीन-चार ड्रम चालू असताना कपडे ३५ मिनिटांत वाळायचे, संध्याकाळी सगळे बारा लागले की ५५ मिनिटं लागायची, वरच्या काही ड्रमचे बर्नर मधेच बंद व्हायचे, परत पेटायचे, परत बंद. टेक्निशियन बोलावला की तो दुपारच्या शांत वेळेत यायचा, एक ड्रायर चालवून बघायचा, तापमान ठीक, गॅसचं प्रेशर ठीक, डक्ट साफ करून जायचा. संध्याकाळी परत तेच. मग कुणीतरी सुचवलं की मेन डक्टमध्ये, म्हणजे सगळ्या ड्रायरचे पाइप मिळतात त्या मोठ्या डक्टमध्ये, हवा आणखी ओढणारा जादा बूस्टर फॅन टाका. टाकला. वाळण्याचा वेळ थोडा कमी झाला, सगळ्यांना वाटलं सुटला प्रश्न, आणि त्याच आठवड्यापासून मागच्या गल्लीत काम करणाऱ्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, आणि शेवटी गल्लीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला.

इथून पुढे मला बोलावलं गेलं. पहिलं काम मोजमापाचं नव्हतंच. वॉटर हीटरचा गॅस बंद, बूस्टर बंद, हॉलचं मोठं दार उघडं ठेवून अडकवलं, गल्लीत कुणी जायचं नाही, आणि ज्यांचं डोकं दुखत होतं त्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणि मग डॉक्टरकडे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि सुरुवातीची लक्षणं साध्या थकव्यासारखी वाटतात म्हणून लोक काम करत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १० मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे जेमतेम ९ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ९ भाग). अलार्म वाजला की तो खोटा वाजतोय की खरा ही चर्चा बाहेर उभं राहून करायची, आत नाही.

आता मोजमाप. सर्व्हिस गल्ली आणि बाहेरची हवा यांच्यातला दाबाचा फरक मॅनोमीटरने (दाब मोजायच्या उपकरणाने) घेतला, दार बंद, बूस्टर बंद, बाराही ड्रम चालू. आकडा आला उणे ३४ पास्कल. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पाण्याच्या नळीत बघितलं तर साडेतीन मिलिमीटरचा फरक, पण इमारतीतल्या हवेच्या हिशोबात हा फार मोठा आकडा आहे. दोन चौरस मीटरच्या दारावर ३४ पास्कल म्हणजे जवळपास ७ किलोचं वजन दार ओढून धरतंय. दार जड झालंय, आपटतं, फटीतून शिट्टी वाजते अशी तक्रार ग्राहक बरेच दिवस करत होते, आणि दार दुरुस्त करणाऱ्याला दोनदा बोलावून झालं होतं.

मग ड्रायरच्या मागच्या तोंडाशी डक्टमधला दाब घेतला, गल्लीतल्या हवेच्या तुलनेत. दार बंद असताना ८६ पास्कल, दार सताड उघडलं की ५७. या ड्रायरच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त ०.३ इंच पाण्याचा, म्हणजे ७५ पास्कलचा बॅक प्रेशर (फॅनला ढकलावा लागणारा उलटा दाब) चालतो असं लिहिलेलं होतं (मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो, आपल्या मशीनचं मॅन्युअल बघायचं). म्हणजे डक्ट एकटा मर्यादेत होता! ड्रायरच्या फॅनला मात्र डक्टचा अडथळा आणि खोलीतली हवेची ओढ हे दोन्ही मिळून ढकलावं लागतं, त्याला त्यातला फरक कळत नाही, आणि बेरीज मर्यादेबाहेर जात होती. हवा कमी झाली की हवेच्या प्रवाहावर चालणारा एअरफ्लो स्विच बर्नर बंद करतो, तेच त्याचं काम आहे. म्हणजे बर्नर मधेच बंद होणं हा बिघाड नव्हता, मशीन स्वतःला आणि कपड्यांना वाचवत होती. आणि एका ड्रायरवर कुणीतरी हा स्विच वायर जोडून बायपास करून ठेवला होता. हे बघून मला खरंच राग आला. हवा नसताना बर्नर चालू ठेवणं म्हणजे लिंटने भरलेल्या पेटीत आग लावून सोडून देणं आहे. तो ड्रायर तिथल्या तिथे गॅसवरून तोडला, स्विच नवीन बसवून तपासल्याशिवाय चालू करू दिला नाही.

आता शांत वेळेत आलेल्या टेक्निशियनला काहीच का सापडलं नाही. एखाद्या ठरावीक तोंडातून हवा ओढायची तर लागणारा दाब हवेच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो, हवा दुप्पट केली की दाब चौपट. बारा ड्रमला ३४ पास्कल, तर सहाला साधारण साडेआठ, तीनला फक्त दोन. तीन ड्रमवर दिवसभर तपासलं तरी सगळं उत्तम दिसणार, दोष लपतो असं नाही, त्या वेळेला तो तिथे नसतोच. म्हणून ड्रायरच्या हवेची कुठलीही चाचणी सगळे ड्रायर, एसी, संडासातले एक्झॉस्ट फॅन, जे जे हवा बाहेर टाकतं ते सगळं चालू करून, दारं बंद करूनच घ्यायची, नाहीतर ती न घेतल्यासारखीच.

बारा ड्रम मिळून ७,२०० सीएफएम, तासाला साधारण १२,२०० घनमीटर. हॉलमधली हवा आहे ४८०. म्हणजे अडीच मिनिटांच्या आत हॉलची सगळी हवा ड्रायरमधून बाहेर जाते आणि तेवढी नवीन कुठून तरी यावीच लागते. रस्ता दिला नाही तर ती रस्ता शोधते, दाराच्या फटीतून, मोरीच्या जाळीतून, बंद असलेल्या ड्रायरच्या डक्टमधून उलटी, आणि वॉटर हीटरच्या चिमणीतून उलटी.

चिमणीचा भाग नीट समजून घ्यायला पाहिजे कारण जीव इथे जातो. साधी चिमणी फॅनवर चालत नाही, आतला धूर गरम म्हणून हलका आणि हलका म्हणून वर जातो, एवढ्याच जोरावर चालते. इथली चिमणी पाच मीटरची होती. आतला धूर सरासरी १५० अंश आणि बाहेर २५ अंश धरलं तर हिशोबाने ओढ येते साधारण १७ पास्कल, तीही चिमणी पूर्ण गरम झाल्यावर. हीटर नुकताच पेटला असेल तर जवळपास शून्य. आणि ड्रायर खोलीला ३४ पास्कलने ओढतायत. हे भांडण चिमणी जिंकूच शकत नाही. धूर हीटरच्या डोक्यावर, चिमणीच्या सुरुवातीला असलेल्या उघड्या टोपीखालून गल्लीत उतरतो, हीटर मग स्वतःचाच धूर मिसळलेली, ऑक्सिजन कमी झालेली हवा जाळायला घेतो, ज्वाला बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. साध्या नैसर्गिक वायूला एक भाग गॅसमागे साधारण दहा भाग हवा लागते, प्रोपेनला चोवीसच्या आसपास, आणि ती हवा ताजी असायला लागते.

लोकांनी दोष बूस्टर फॅनला दिला. बूस्टरने हवा आणखी ओढून परिस्थिती बिघडवली हे खरं, पण हीटरच्या टोपीभोवती जुना गंज होता आणि शेजारच्या पाइपवरचं फोमचं वेष्टण वितळून कडक झालेलं होतं, असं एका आठवड्यात होत नाही. बूस्टर येण्याच्या बरंच आधीपासून गर्दीच्या संध्याकाळी तिथे धूर उलटा येत होता. आत येणारी हवा मोजल्याशिवाय एक्झॉस्ट वाढवायचं नाही, मला या प्रकरणातून लोकांनी एवढं एक जरी घेतलं तरी पुरेल.

मग प्रश्न आला की लूव्हर किती मोठा पाहिजे, आणि इथे जरा थांबतो कारण वेगवेगळ्या नियमांनी फार वेगळी उत्तरं येतात. अमेरिकेतल्या एनएफपीए ५४ या गॅस कोडमध्ये मोठ्या ड्रायरसाठी दर १,००० बीटीयूला १ चौरस इंच मोकळं क्षेत्र (हवा खरोखर जाऊ शकेल एवढी उघडी जागा) असा किमान आकडा आहे, मेट्रिकमध्ये किलोवॅटला २,२०० चौरस मिलिमीटर. आपल्या बारा ड्रमला ९०० चौरस इंच, म्हणजे ०.५८ चौरस मीटर. यातून पूर्ण १२,२०० घनमीटर ओढायचे म्हटले तर दाब पडतो ५५ पास्कलच्या वर. म्हणजे किमान नियम पाळूनही खोली भयंकर ओढली जाते, आणि अशा खोलीत साध्या चिमणीचं काहीही ठेवणं शक्य नाही. काही ड्रायर कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये एक्झॉस्ट पाइपच्या क्षेत्रफळाच्या पाचपट ताज्या हवेचं तोंड मागतात आणि त्याच्या जाळीचा अडथळा १० पास्कलच्या वर नको म्हणतात. इथे प्रत्येक ड्रमचा पाइप २०० मिलिमीटरचा, बाराचं क्षेत्रफळ ०.३८ चौरस मीटर, पाचपट म्हणजे जवळपास १.९. यात दाब येतो पाच पास्कलच्या आसपास. मी दुसरा आकडा घेतला आणि नेहमी तोच घेईन. किमान आकडा कागद पास करायला पुरतो, संध्याकाळच्या गर्दीला पुरत नाही.

मोकळं क्षेत्र आणि भिंतीतलं भोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा. मेटल लूव्हरचं मोकळं क्षेत्र माहीत नसेल तर ७५ टक्के धरतात, लाकडी पट्ट्यांचं तर फक्त २५ टक्के. म्हणून १.९ मिळवायला मेटलचं तोंड २.५ चौरस मीटरचं लागतं. जुना लूव्हर ०.९६ चौरस मीटरचा, त्याला डासांची जाळी, जाळीवर ओल्या लिंटचा थर. कारण एक्झॉस्ट बरोबर वरून बाहेर पडत होतं आणि तेच लिंट, तीच दमट गरम हवा परत आत ओढली जात होती. जाळी काढून उजेडासमोर धरली तर अर्ध्याहून जास्त भोकं बुजलेली.

नवे लूव्हर कुठे लावायचे यावर बरीच चर्चा झाली. सगळ्यात सोपी भिंत होती ती शेजारच्या ड्रायक्लीनिंगच्या खोलीच्या बाजूची, पण तिथे पर्क, म्हणजे परक्लोरोएथिलीन वापरत होते, आणि ती वाफ ड्रायरच्या ज्वालेतून गेली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, बर्नर आणि ड्रमचं लोखंड खाऊन टाकतं, कपड्यांना आणि श्वासालाही वाईट. ती भिंत रद्द. शेवटी मागच्याच भिंतीच्या दोन टोकांना दोन मोठे लूव्हर लावले, एक्झॉस्टचं तोंड डक्ट वाढवून छताच्या वर नेलं, आणि लूव्हरना डासांच्या जाळीऐवजी १२ मिलिमीटर भोकांची पक्ष्यांची जाळी. फॅनने हवा आत ढकलायचा पर्यायही होता पण तो फॅन बंद पडला तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं, मग त्याला ड्रायरशी इंटरलॉक करा (तो चालू नसेल तर ड्रायरही चालणार नाही असं जोडा), दाबाचा सेन्सर लावा. भिंतीला भोक पाडायला जागा असेल तर साधं भोक जास्त भरवशाचं. थंड हवामानात बंद होणारे मोटरचे लूव्हर लावायची वेळ आली तर लूव्हर पूर्ण उघडल्याचा सिग्नल आल्याशिवाय बर्नर पेटणार नाही अशी वायरिंग हवीच.

त्यासोबत सर्व्हिसची गल्ली हॉलपासून वेगळी केली, वरची आणि बाजूची उघडी जागा न जळणाऱ्या बोर्डने बंद, आपोआप मिटणारं दार. हे ड्रायर हवा मागून घेतात, त्यामुळे आता ते बाहेरची हवा गल्लीतून घेतात आणि हॉलमधली थंड केलेली हवा गॅस जाळून गरम करून बाहेर टाकणं बंद झालं. वॉटर हीटर त्या गल्लीतून काढलाच. त्याच्या जागी बंद ज्वालेचा घेतला, जो जाळायची हवा बाहेरून स्वतःच्या पाइपने घेतो आणि धूरही स्वतःच्या पाइपने बाहेर सोडतो, आणि तोही दुसऱ्या कोपऱ्यात. पाच पास्कलसुद्धा साध्या चिमणीला जास्तच होऊ शकतात, त्यामुळे लूव्हर मोठे केले म्हणून जुना हीटर तिथे ठेवू द्या ही मागणी मी ऐकली नाही.

एक्झॉस्टच्या बाजूलाही दुरुस्त्या निघाल्याच. बूस्टर कायमचा काढला. दोन ड्रमचे उलटी हवा रोखणारे डँपर लिंटने उघडेच अडकलेले होते, त्यातून बंद ड्रमच्या कपड्यांवर दुसऱ्या ड्रमचं लिंट येऊन पडायचं, ते बदलले. डक्टच्या जोडांना आत टोकं निघालेले स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूवर लिंटचा गोळा, ते काढून जोड बाहेरून पट्टीने आणि फॉइल टेपने बंद केले. बाहेरच्या तोंडाला कुणीतरी जाळी लावली होती, ती काढली, ड्रायरच्या एक्झॉस्टला जाळी कधीच लावायची नाही, लिंट पहिलं तिथेच बसतं. आणि छताखाली एक लाकडी पट्टी डक्टला चिकटलेली सापडली, काळी पडायला लागलेली. जळू शकणाऱ्या वस्तूपासून किमान १५० मिलिमीटर अंतर हवं, ती पट्टी कापून तिथे लोखंडी आधार दिला.

सगळं झाल्यावर पुन्हा तीच चाचणी, सगळं चालू, दारं बंद. गल्लीत उणे ६ पास्कल, हॉलमध्ये उणे १, ड्रायरच्या तोंडाशी ६२. गर्दीतही कपडे ३६-३७ मिनिटांत वाळतात, बर्नर मधेच बंद पडत नाहीत, दार एका बोटाने उघडतं. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म लावले, एक गल्लीत, एक नव्या हीटरजवळ, दोन्ही शून्यावर.

गल्लीच्या भिंतीवर एक साधा तिरका मॅनोमीटर कायमचा बसवलाय, १० पास्कलला लाल रेघ. गर्दीच्या वेळी त्याच्याकडे बघायचं, नळीतला द्रव रेघेकडे सरकायला लागला की लूव्हरच्या जाळ्या ब्रशने साफ करायच्या, आणि साफ करूनही खाली आला नाही तर कुणीतरी लूव्हरसमोर सामान रचलंय का बघायचं, एकदा खरंच कपड्यांच्या ट्रॉल्या लावून ठेवलेल्या सापडल्या. ड्रमच्या लिंट स्क्रीन रोज, मेन डक्टच्या साफसफाईच्या झडपा उघडून ठरल्या वेळी, हे वेगळं.

एक काम बाकी आहे. शेवटच्या स्टॅकचा पाइप मेन डक्टला सरळ काटकोनात जाऊन मिळतो, त्याची हवा मेन डक्टच्या प्रवाहाला आडवी आपटते आणि ते दोन ड्रम बाकीच्यांपेक्षा अजूनही चार-पाच मिनिटं जास्त घेतात. तो जोड प्रवाहाच्या दिशेने ४५ अंशात करून घ्यायचाय, त्यासाठी मेन डक्ट उतरवावा लागेल, म्हणून पुढच्या बंदच्या वेळी ठेवलाय. तोपर्यंत त्या दोन ड्रममध्ये कपडे थोडे कमी भरायचे असं तिथल्या लोकांना सांगितलंय.